"व्हायरल फिव्हर" लिहून मोकळं होणं आता बंद व्हायला पाहिजे

पोळा होऊन महालक्ष्म्या बसायच्या सुमाराला आमच्या मराठवाड्यात तापाचा सीझन सुरू होतो आणि सोयाबीन काढून होईपर्यंत, कधीकधी दिवाळी उलटेपर्यंत चालतो. बीड घ्या, जालना घ्या, परभणी घ्या, कुठल्याही हॉस्पिटलच्या ओपीडीत तीच गर्दी आणि तीच तक्रार. ताप उतरंना गेलाय, अंग ठणकायलंय, डोळ्यामागं दुखायलंय. रक्त तपासलं की पेशी (प्लेटलेट) कमी. मग ॲडमिट, सलाइन, रोज सकाळ-संध्याकाळ पेशींचा रिपोर्ट, घरचे लोक पपईच्या पानांचा रस आणि किवी घेऊन धावतात, चार-पाच दिवसांत पेशी वाढतात, पेशंट घरी. आणि डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या जागी लिहिलेलं असतं "व्हायरल फिव्हर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया", म्हणजे विषाणूचा ताप आणि पेशी कमी. बस्स एवढंच.

मी बरीच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगी हॉस्पिटलांमध्ये मेडिक्लेमच्या फायली आणि रेकॉर्डचं काम बघतोय, त्यामुळं ही कार्डं रोज हातातून जातात. माझं म्हणणं सरळ आहे. हे एवढं लिहून मोकळं व्हायची सवय आपल्या भागाला फार महागात पडायली आहे. पेशंट बरा होऊन घरी गेला ही मोठी गोष्ट आहे, त्यासाठी रात्र-रात्र जागणारे डॉक्टर आणि सिस्टर मी डोळ्यानं बघितलेत, पण त्याला झालं काय होतं हे कुठंच नोंदलं गेलं नाही, आणि सरकारच्या कागदावर जे नाही त्याच्यासाठी ना पैसा येतो, ना माणूस येतो, ना धुराची गाडी येते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी कोडचं थोडं सांगतो. जगभरात प्रत्येक आजाराला एक ठरलेला नंबर असतो, त्या यादीला आयसीडी म्हणतात. १८९३ साली बर्टिलाँ नावाच्या फ्रेंच माणसानं मृत्यूच्या कारणांची यादी मांडली तिथून हे सुरू झालं, १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. आपल्याकडं सध्या जी चालते ती दहावी आवृत्ती, ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालीय पण हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये मला अजून दहावीच दिसते. तर या दहावीत डेंग्यूला ए ९७ आहे. त्यातही ए ९७.० म्हणजे धोक्याची लक्षणं नसलेला, ए ९७.१ म्हणजे धोक्याची लक्षणं असलेला, म्हणजे पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त येतंय, पेशंट सुस्त पडलाय असला, आणि ए ९७.२ म्हणजे गंभीर. आधी यासाठी ए ९० आणि ए ९१ असे दोन कोड होते, ते काढून हे आणले, तरी काही सॉफ्टवेअरमध्ये अजून जुनेच दिसतात. चिकुनगुनियाला ए ९२.०. आणि बी ३४.९ म्हणजे कुठला तरी विषाणू, कुठला ते सांगितलेलं नाही. पेशी कमी याला वेगळा कोड डी ६९.६, त्यातही कारण सांगितलेलं नाही. म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात जास्त चालणारं तापाचं निदान हे दोन "सांगितलेलं नाही" एकाला एक जोडून बनलेलं आहे.

आता हा कोड टाकतं कोण? लोकांना वाटतं डॉक्टर टाकत असतील. मोठ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलांत ट्रेनिंग घेतलेले कोडर असतात, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी बिलिंगला बसलेला मुलगा नाहीतर इन्शुरन्सचं काम बघणारा माणूस टाकतो. इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटलनं भरायचा असतो आणि त्यात आयसीडी-१० कोडसाठी रकाना आहे, तो रिकामा सोडला तर फाईल परत येते. मग तो मुलगा डिस्चार्ज कार्ड बघतो, कार्डावर जे लिहिलंय ते सॉफ्टवेअरच्या सर्चमध्ये टाकतो, पहिलं जे येईल ते निवडतो. त्याची काहीच चूक नाही, त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं आणि त्यानं स्वतःच्या मनानं आजार ठरवावा अशी अपेक्षा पण करू नये. कार्डावर "व्हायरल फिव्हर" असेल तर तो बी ३४.९ च टाकणार. म्हणून सगळं येऊन थांबतं त्या कार्डावरच्या एका ओळीवर, आणि ती ओळ डॉक्टरनंच लिहायची असते.

याच्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते, की डेंग्यूला सरकारात मालक आहे. जिल्हा हिवताप अधिकारी आहेत, त्यांचा विभाग आहे, कर्मचारी आहेत, घरोघर जाऊन रांजण-टाक्या बघायच्या, अळ्या सापडल्या तर अबेट हे अळ्या मारायचं औषध टाकायचं, गप्पी मासे सोडायचे, धूर करायचा, हे सगळं त्यांचं काम आहे आणि ते काम कुठं करायचं हे केसच्या आकड्यावर ठरतं. व्हायरल फिव्हरला सरकारात मालक नाही. एका गल्लीत चाळीस घरांत व्हायरल फिव्हर झाला तर कुणाला विचारायचं? नगरपालिका म्हणते आमच्याकडं डेंग्यूची एकही केस नाही, आणि ती खोटं बोलत नसते, तिच्याकडं खरंच नसते कारण आपणच ती कळवली नाही.

मराठवाड्यात तर हा प्रश्न थेट पाण्यापर्यंत जातो. संभाजीनगर, जालना, लातूर, बीड, धाराशिव, कुठंच सगळ्यांना रोज नळाला पाणी आहे असं नाही, कित्येक भागांत आठ-आठ दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. संभाजीनगरपासून पैठणचं धरण साठ किलोमीटरच्या आतबाहेर आहे तरी ही गत. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे सगळ्या देशानं बघितलं. जिथं पाण्याचा भरवसा नाही तिथं माणूस साठवणारच. हौद, ड्रम, रांजण, गच्चीवरची टाकी, अंगणातला हंडा, जे भांडं असेल ते भरून ठेवणार, आणि त्यात चूक काय आहे, पाणी सांडून द्या असं आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या बाईला कोण सांगणार? आता डेंग्यूचा जो एडिस डास आहे तो नेमका असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे नळाचं चक्र आणि डासाचं चक्र जवळजवळ एकच झालं. त्यात ती अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेघेवर चिकटून बसतात आणि कोरडी राहिली तरी कित्येक महिने जगतात, पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी नुसती रिकामी करून उपयोग नाही, आतून घासून कोरडी करायला सांगतात ते यासाठी.

हा डास फार लांब उडत नाही, एकदोनशे मीटरच्या पट्ट्यात फिरतो, आणि दिवसा चावतो. म्हणून केसेस कुठल्या गल्लीतल्या आहेत हे कळणं इतकं महत्त्वाचं असतं. समजा एखाद्या वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांच्या कार्डावर ए ९७ लागला आणि तो आकडा दर आठवड्याला पालिकेत पोचला, तर कुणालाही दिसेल की जिथं पाणी दहा दिवसांनी येतं तिथं डेंग्यू जास्त आहे आणि जिथं दिवसाआड येतं तिथं कमी आहे, किंवा उलटंही निघेल, जे निघेल ते निघू द्या पण निघू तर द्या! हा आकडा हातात असला तर नगरसेवकाला पाण्याची पाळी बदला म्हणून सांगता येतं, टाकीला झाकण बसवायला निधी मागता येतो. आज आपण नुसतं "ताप लई वाढलाय साहेब" म्हणतो आणि साहेब मान हलवून पुढच्या अर्जाकडं वळतात.

डॉक्टर लोकांशी मी याच्यावर खूप बोललोय. त्यांचं पहिलं म्हणणं असतं की ट्रीटमेंट काही बदलत नाही. डेंग्यू लिहा नाहीतर व्हायरल लिहा, पॅरासिटामॉल आणि सलाइनच द्यायचंय, डेंग्यूच्या विषाणूवर वेगळं औषध नाही. हे खरंय. पण ही गोष्ट त्या कॉटवरच्या एका पेशंटपुरती खरी आहे. त्याच्या शेजाऱ्यासाठी ट्रीटमेंट म्हणजे त्याच्या गल्लीतल्या टाक्या तपासणं, आणि ती ट्रीटमेंट निदानावर पूर्ण अवलंबून आहे. आणि पेशंटसाठी सुद्धा फरक पडतोच की. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा झाला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण पुढं दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो गंभीर व्हायचा धोका वाढतो. मग ज्या पोराला तीन वर्षांमागं डेंग्यू होऊन गेला त्याच्या जुन्या फायलीत तसं लिहिलेलं असलं तर पुढच्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून सावध राहता येईल. फायलीत "व्हायरल" असेल तर त्याला काय कळणार? आयांना विचारलं तर त्या म्हणतात "मागं एकदा पेशी कमी झाल्या होत्या", एवढ्यावरच काम चालतं.

उलट बाजूचा धोका त्याहून मोठा आहे. व्हायरल फिव्हर या शिक्क्याखाली जे व्हायरल नाहीच ते पण झाकलं जातं. स्क्रब टायफस घ्या. गवतातल्या बारीक चिगर किड्यांमुळं होतो, जिवाणूचा (बॅक्टेरियाचा) आजार आहे, विषाणूचा नाही, त्यातही ताप येतो आणि पेशी कमी होतात. त्याला डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी चालते, पण वेळेत द्यावी लागते. २०१८ साली नागपूरकडं स्क्रब टायफसनं माणसं गेली. आमच्याकडं शेतात वाकून खुरपणाऱ्या बाया, गवत कापणारी माणसं काही कमी नाहीत. लेप्टो आहे (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूचा ताप), मलेरिया आहे. डॉक्टरनं "व्हायरल" लिहायच्या आधी या बाकीच्यांचा विचार झाला का हे निदान स्वतःला तरी विचारावं, आणि निदानाची ओळ नीट लिहायची सवय असली की तो विचार आपोआप होतो असा माझा अनुभव आहे. जे डॉक्टर कार्ड नीट लिहितात त्यांच्याच फायलीत तपासण्या पण नीट दिसतात.

दुसरं म्हणणं असतं की कन्फर्म नसताना डेंग्यू कसं लिहू? हे म्हणणं मात्र मी हलक्यात घेत नाही, कारण त्यात प्रामाणिकपणा आहे. सरकार कन्फर्म डेंग्यू कशाला म्हणतं, तर एलायझा या मशीनवर होणाऱ्या रक्ताच्या तपासणीला. ताप येऊन पाच दिवस व्हायच्या आत असेल तर एनएस-१, म्हणजे रक्तात विषाणूचाच अंश शोधायचा, पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधायची. गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये वीस मिनिटांत होणारी जी पट्टीची टेस्ट आहे, आपण जिला कार्ड टेस्ट म्हणतो, तिच्यावर सरकार कन्फर्म केस धरत नाही. एलायझाचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते आणि ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांना ते पुरवले जातात. पण ती केंद्रं जिल्ह्याच्या नाहीतर मेडिकल कॉलेजच्या गावाला. गेवराईतला किंवा सेलूतला सॅम्पल तिथं पोचायचा, एलायझाची प्लेट एकावेळी बऱ्याच सॅम्पलची असते म्हणून ते गोळा होईपर्यंत थांबायचं, मग रिपोर्ट. तोपर्यंत पेशंट घरी जाऊन कामाला पण लागलेला असतो. रिपोर्ट आला तरी जुनं कार्ड काढून दुरुस्त कोण करतंय.

पण याच्यावर उत्तर आहे, आणि ते आयसीडीच्या नियमातच आहे, फक्त आपल्याकडं ते कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे की डिस्चार्जच्या वेळी मुख्य निदान "संशयित" असेल आणि पुढं जास्त माहिती मिळणार नसेल, तर ते निदान पक्कं झाल्यासारखं धरून कोड टाकायचा. म्हणजे डॉक्टरनं कार्डावर नुसतं "संशयित डेंग्यू, एनएस-१ कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह, तापाचा चौथा दिवस" एवढं लिहिलं तरी कोड ए ९७ मध्येच जातो. त्यांना खोटं काही लिहायचं नाही. शंका आहे तर शंका लिहा, पण कशाची शंका आहे ते लिहा. सरकारच्या रोग सर्वेक्षणात पण संशयित आणि लॅबनं पक्क्या केलेल्या केसेस वेगवेगळ्या कळवायची सोय पहिल्यापासून आहे, एस, पी आणि एल अशा तीन फॉर्मवर, आता ते सगळं पोर्टलवर गेलंय. संशयित कळवला म्हणून तुमच्या नावावर कन्फर्म केस चढत नाही.

तिसरं म्हणणं कुणी उघड बोलत नाही. डेंग्यू कळवला की पालिकेतून फोन येतात, माणसं येऊन रजिस्टर मागतात, पेशंटचा पत्ता विचारतात, कधी उलट विचारतात की तुम्ही कशावरून लिहिलं, जिल्ह्याचा आकडा वाढायलाय. मी हे समोर घडताना बघितलंय. एका ठिकाणी तर कळवणाऱ्या डॉक्टरलाच असं बोलले की जणू त्यांनीच आजार आणलाय. असं होत असेल तर पुढच्या वेळी कोण कळवेल? आकडा वाढला म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारायची वरची पद्धत आहे ती बदलल्याशिवाय खालचा डॉक्टर खरं लिहिणार नाही. ज्या तालुक्यात केस जास्त कळवल्या तिथलं काम खराब असं धरू नका, तिथली नोंद चांगली आहे असंही असू शकतं. हे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या सीईओ पातळीवर बोललं गेलं पाहिजे.

आणि आता जे मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतं ते. एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी दोन कॉट. एकावर मेडिक्लेमवाला पेशंट, दुसऱ्यावर खिशातून पैसे भरणारा शेतकरी. दोघांना तोच ताप, दोघांच्या पेशी साठ-सत्तर हजारावर. मेडिक्लेमवाल्याच्या फायलीत एलायझा होतो, कार्डावर डेंग्यू नीट लिहिला जातो, कारण नुसतं व्हायरल फिव्हर लिहिलं तर कंपनी म्हणते याला ॲडमिट करायची गरजच नव्हती, ओपीडीत गोळ्या देऊन भागलं असतं, आणि क्लेम अडकतो. शेतकऱ्याच्या बाबतीत हजार-पाचशे वाचावेत म्हणून तपासणी टाळली जाते, हे डॉक्टर त्याच्या भल्यासाठीच करतात हे मला माहितीय, पण कार्डावर मग व्हायरल फिव्हर. याचा अर्थ काय झाला, की आजाराची नोंद आजारावर नाही तर पॉलिसीवर ठरायली. इन्शुरन्स कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या जिल्ह्याचा डेंग्यू दिसतो आणि आरोग्य विभागाच्या रजिस्टरला दिसत नाही. आणि ज्याच्या घराला टाकीचं झाकण नाही, ज्याच्या वस्तीवर टँकर येतो, तोच यादीतून गायब.

याचा अर्थ सगळ्यांना डेंग्यू लिहून टाका असाही नाही. त्या बाजूचा गैरप्रकार पण मी बघितलाय. कार्ड टेस्टमध्ये नुसती आयजीजीची रेघ आली, म्हणजे कधीतरी पूर्वी होऊन गेला असेल एवढाच अर्थ, तरी "डेंग्यू पॉझिटिव्ह आहे, पेशी उतरायल्यात" म्हणून घरच्यांना घाबरवायचं, प्लेटलेटच्या पिशव्या आणायला संभाजीनगरला पळवायचं. रक्तस्राव नसेल तर पेशी दहा हजाराच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची साधारण गरज नसते असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. खरा धोका ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, तेव्हा रक्त घट्ट होतंय का, पोट दुखतंय का, लघवी होतीय का हे बघायचं असतं. निदान नीट लिहायची शिस्त असली तर या भीतीच्या धंद्याला पण आळा बसतो, कारण मग कुठली टेस्ट, कुठल्या दिवशी, ए ९७.० का ए ९७.१, हे कागदावर मांडावं लागतं.

मृत्यूच्या कागदाचं तर याहून वाईट आहे, आणि ते आपण कोविडमध्ये भोगलंय. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये लातूर, नांदेड, बीड, कुठं काय अवस्था होती ते पुन्हा सांगायला नको. कोविडला तेव्हा दोन कोड होते. यू ०७.१ म्हणजे तपासणीत विषाणू सापडलेला, यू ०७.२ म्हणजे तपासणीत सापडला नाही पण लक्षणांवरून डॉक्टरनं कोविड ठरवलेला. म्हणजे आरटीपीसीआर निगेटिव्ह पण छातीच्या सीटीचा (एचआरसीटीचा) स्कोअर पंचवीसपैकी अठरा-वीस, असल्या माणसासाठी कोड होता. तरी कितीतरी कागदांवर "श्वसन निकामी", "सेप्टिक शॉक", "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच लिहिलं गेलं. पुढं सुप्रीम कोर्टामुळं ५० हजारांची मदत ठरली, सप्टेंबर २०२१ च्या सूचनांमध्ये असंही आलं की पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविडचा धरायचा, डॉक्टरनं लक्षणांवरून ठरवलेला पण धरायचा. पण ठरवलेलं कुठंतरी लिहिलेलं तर पाहिजे ना! आमच्या भागातल्या एका ताईंचा नवरा गेला, कागदावर कोविड हा शब्द नाही. त्या सीटीची फिल्म, ऑक्सिजनची बिलं, मेडिकलच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत घेऊन जिल्ह्याच्या समितीपुढं बसल्या, मी फाईल लावून द्यायला सोबत होतो. त्यांना मदत मिळाली पण किती उशिरा, आणि किती जणी त्या पिशवीपर्यंत पोचल्याच नाहीत.

मृत्यूच्या कारणाचा जो फॉर्म असतो, नमुना ४, त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. अ ला शेवटचं तात्कालिक कारण, खाली-खाली जात मूळ कारण. कोड मूळ कारणाचा लागतो. आता "हृदय व श्वसनक्रिया बंद" हे कारण नाहीच, मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतं. डेंग्यूनं गेलेल्या पोरीच्या फॉर्मवर अ ला शॉक, ब ला रक्तस्राव, क ला डेंग्यू असं यायला पाहिजे. क ची ओळ रिकामी राहिली की ती पोरगी डेंग्यूच्या मृत्यूत कधीच मोजली जाणार नाही. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं, बाकीच्यांचं कारण म्हणजे घरच्यांनी सांगितलेलं, ताप होता, छातीत दुखलं, वय झालं होतं. त्या २२.५ टक्क्यांत पण असल्या रिकाम्या ओळी असतील तर मग आपण कशावरून धोरण ठरवायलोत? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झालाय, त्यात सगळ्या हॉस्पिटलांनी, खाजगी असो का सरकारी, मृत्यूचं कारण निबंधकाला कळवणं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाईकाला देणं बंधनकारक केलंय. ती प्रत मागून घ्या. दुःखात हे सुचत नाही मला माहितीय, म्हणून सोबत गेलेल्या जाणत्या माणसानं मागावी, भावकीतल्या एखाद्या शिक्षकानं, आशाताईनं, मेडिकलवाल्यानं, आणि तिथंच वाचून क ची ओळ बघावी.

बाकी करायचं काय तर फार मोठं काही नाही. खाजगी हॉस्पिटलमधल्या प्रत्येक संशयित पेशंटचा सॅम्पल एलायझासाठी तालुक्यातून रोज फुकट उचलला जाईल अशी सोय जिल्हा परिषदेनं सीझनच्या तीन महिन्यांपुरती तरी करावी. ग्रामीण रुग्णालयापर्यंत तर गाडी जातेच, तिनं दोन-चार हॉस्पिटलं करत यावं. रिपोर्ट आला की तो हॉस्पिटलच्या रेकॉर्डवाल्याच्या मोबाईलवर पण यावा म्हणजे जुनं कार्ड दुरुस्त होईल. गावनिहाय आकडा दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, नाव-गाव न सांगता नुसता आकडा. आणि आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या तालुका शाखांनी आपल्या सभासदांना एवढंच सांगावं की डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या ओळीत संशय कशाचा, टेस्ट कुठली आणि तापाचा दिवस कितवा या तीन गोष्टी डॉक्टरच्या हातानं याव्यात.

एक काम तर आमच्यासारख्या रेकॉर्डवाल्यांच्याच हातात आहे. ही सॉफ्टवेअरं संभाजीनगर-पुण्याकडच्या छोट्या कंपन्या बनवून देतात आणि सांगितलं तर बदल करून देतात. बी ३४.९ आणि डी ६९.६ हे दोन कोड एकत्र निवडले की स्क्रीनवर विचारणा आली पाहिजे, डेंग्यूची तपासणी केली का, कुठली, कितव्या दिवशी, आणि ते भरल्याशिवाय डिस्चार्ज सेव्ह होता कामा नये. तपासणी केली नसेल तर "केली नाही" असं लिहिता यावं, तेही चालेल, निदान किती जणांची केलीच नाही हे तरी कळेल. मी दोन हॉस्पिटलांच्या मालकांकडं तशी लेखी मागणी दिलीय. एका ठिकाणी पोळ्याच्या आधी ते चालू करून देतो म्हणालेत, दुसऱ्या ठिकाणी अजून बोलणं चालू आहे.